जाळ, विस्तव आणि धग : आग पदार्थ आहे की ऊर्जा?

तासगावजवळच्या एका अकरावीतल्या मुलीनं मला तीन प्रश्न विचारले आहेत. आग हा पदार्थ आहे की ऊर्जा? पदार्थ असेल तर स्थायू, द्रव, वायू यांपैकी कोणता? तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. गाडीभर चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, जळून घमेलंभर राख उरते. मग बाकीच्या चिपाडाची आईन्स्टाईनच्या E = mc² या सूत्राप्रमाणे ऊर्जा झाली असं समजायचं का? यावर तिच्या वर्गात वाद झाला आणि निम्मा वर्ग 'हो' म्हणाला.

मी बॉयलरवरचा माणूस. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांत ३१ हंगाम बगॅसच्या, म्हणजे कारखान्यातल्या चिपाडाच्या, भट्टीसमोर काढले. त्याआधीचं लहानपण वाळवा तालुक्यात वडिलांच्या गुऱ्हाळावर गेलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, पण नुसतं 'नाही' म्हणून तुझं समाधान होऊ नये. म्हणून चुलवाणापासून, म्हणजे गुऱ्हाळावरच्या मोठ्या चुलीपासून, सुरुवात करतो.

गुऱ्हाळावर 'आग' हा शब्द कामात कुणी वापरत नाही. आग लागते ती गंजीला नाहीतर घराला. चुलवाणात असतो तो जाळ. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, ओरडतो तो 'जाळ वाढव', 'जाळ ओढ' असं. संध्याकाळी काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, उतरल्यावर खाली उरतो तो विस्तव. त्यातला एकेक तुकडा म्हणजे इंगळ. विस्तवासमोर बसलं की तोंडाला लागते ती धग. चुलवाणाच्या तोंडातून गरम वारा अंगावर आला की ती झळ. आणि काहिलीच्या कडेला हात लागला तर बसतो तो चटका. हे सगळे शब्द आईनं मला शाळेआधी शिकवले. पुढे बॉयलरच्या परीक्षेला बसलो तेव्हा लक्षात आलं, की पुस्तकात ज्याला प्रारण म्हणतात ती धग, अभिसरण म्हणतात ती झळ आणि वहन म्हणतात तो चटका. जाळ आणि विस्तव हे तर जळण्याचेच दोन वेगवेगळे प्रकार. आपल्या बायामाणसांनी हा फरक हातानं ओळखून त्याला शब्द दिले होते. तुझा पहिला प्रश्न अडतो तो 'आग' या एका शब्दात हे सगळं कोंबल्यामुळे.

आता एक मूठ वाळलेलं चिपाड चुलवाणात टाक आणि नीट बघ. आधी त्यातली ओल वाफ होऊन जाते. ओल संपेपर्यंत ते पेटतच नाही, कारण मिळणारी सगळी उष्णता पाणी खातं. मग चिपाड तापत तापत अडीचशे-तीनशे अंशांवर गेलं की त्याचा धागा फुटायला लागतो. सेल्युलोज, लिग्निन हे लांबलचक रेणू तुटून त्यांतून वायू आणि डांबरासारख्या वाफा निघतात. कोरड्या चिपाडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो. हा वायू हवेत मिसळतो आणि जळतो, तो जाळ. म्हणून जाळ चिपाडाला चिकटलेला नसतो, थोडा वर असतो. चिपाड स्वतः जाळात जळत नाही. त्यातून निघालेला वायू जळतो. वायू संपला की उरतो कोळसा. तो उडून जाऊ शकत नाही, म्हणून हवेतला ऑक्सिजनच त्याच्या पृष्ठभागावर येऊन त्याला जाळतो. तिथे ज्वाळा जवळजवळ नसते, नुसतं लाल तेज असतं. तो विस्तव. शेवटी राहतात ते मातीतून उसात आलेले पोटॅश, चुना, सिलिका वगैरे. ती राख, कोरड्या चिपाडाच्या किलोमागे वीस-तीस ग्रॅम.

धूर म्हणजे जळण हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नोकरीच्या दुसऱ्या हंगामात अवकाळी पाऊस झाला, बगॅस भिजलं. भट्टीत जाळ धरेना, ग्रेटवर, म्हणजे भट्टीतल्या जाळीवर, ढीग साचून नुसता धुमसत होता. त्यातच धूर ओढून चिमणीकडे नेणारा पंखा बंद पडला. आत पिवळट पांढरा दाट धूर कोंदला होता आणि विटा अजून तापलेल्या होत्या. ढीग सारायला म्हणून मी दार उघडलं. हवा आत शिरली आणि पापणी लवायच्या आत माणसाच्या उंचीचा जाळ दारातून बाहेर आला. डाव्या हाताची कातडी गेली. खूण अजून आहे. आत जळणही होतं, उष्णताही होती, फक्त ऑक्सिजन नव्हता. तो मी दार उघडून दिला. तेव्हापासून माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिला धडा हाच दिला, की काळा किंवा पिवळा धूर दिसला तर आग कमी आहे असं समजू नकोस, जळण हवेत तरंगतंय असं समज.

घरी हेच बिनधोक बघता येतं. मेणबत्ती फुंकून विझव. वातीतून पांढरी रेघ वर जाईल. ती मेणाची वाफ. पेटती काडी त्या रेघेला वर धर, वातीला लावू नकोस. ज्वाळा रेघेवरून खाली पळत येऊन वात पेटवेल.

म्हणजे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की जाळ म्हणजे तापलेला, जळत असलेला वायू आणि त्यात तरंगणारे काजळीचे बारीक कण. पिवळा रंग येतो तो मुख्यतः या कणांचा. एक एक कण इतका लहान, की केसाच्या जाडीत हजारावर ओळीनं मावतील. कोणताही घन पदार्थ सव्वापाचशे अंशांच्या आसपास मंद लाल दिसू लागतो. आणखी तापला की नारिंगी, मग पिवळा. लोहार याच रंगावरून लोखंड ओळखतो आणि मीही भट्टीच्या झरोक्यातून निळ्या काचेतून हाच रंग बघत आलो. गॅसच्या शेगडीची ज्वाळा निळी असते, कारण तिथे हवा आधीच मिसळलेली असते आणि काजळी धरत नाही. तो निळा रंग जळता जळता तयार होणाऱ्या अर्धवट रेणूंचा असतो. डाळीचं खारं पाणी उतू जाऊन शेगडीवर पडलं की ज्वाळा एकदम पिवळी होते. तो पिवळा मात्र मिठातल्या सोडियमचा.

भर उन्हात पांढऱ्या भिंतीसमोर मेणबत्ती धर. ज्वाळेची सावली पडेल, फिकट पण ओळखू येईल अशी. ऊन अडवायला तिथे काहीतरी आहे, ते काजळीचे कण. नुसत्या ऊर्जेची अशी सावली पडली नसती.

काही जण सांगतात की आग म्हणजे प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, पदार्थाची चौथी अवस्था. मला ते पटत नाही. ज्वाळेत थोडे विद्युतभारित कण असतात हे खरं. गॅस बर्नरमध्ये ज्वाळा आहे की विझली हे ओळखायला ज्वाळेतून बारीकसा विद्युतप्रवाह जातो का, हेच बघतात. पण चुलीतल्या जाळात असे कण इतके थोडे असतात, की त्याला तापलेला वायू म्हणणंच सरळ. वीज कडाडते तेव्हाची रेघ आणि सूर्य, हे खरे प्लाझ्मा.

पण जाळ वायू आहे म्हणून तो 'एक वस्तू' होत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पावसाळ्यात खाली बघ. खांबामागे भोवरा असतो. तासभर तो त्याच जागी, त्याच आकाराचा दिसतो, पण त्यातलं पाणी क्षणाक्षणाला नवं असतं. जाळ तसाच आहे. खालून वायू येतो, कडेनं हवा येते, मधे ते एकमेकांशी जुळतात, वरून निघून जातात. जळण थांबलं की जाळ कुठे जात नाही, जसा पाणी ओसरल्यावर भोवरा कुठे जात नाही. वर निमुळता आकारही जाळाचा स्वतःचा नाही. गरम वायू हलका होऊन वर चढतो म्हणून तो तसा दिसतो. अंतराळयानात, जिथे वर-खाली जाणवत नाही तिथे, मेणबत्तीची ज्वाळा लहान गोळ्यासारखी आणि निळसर होते, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे.

आता वजन. तुझ्या वर्गातल्या वादाची मेख इथे आहे. हिशेबासाठी चिपाडाचा कोरडा धागा म्हणजे शुद्ध सेल्युलोज धरू. १ किलो सेल्युलोज पूर्ण जळायला सुमारे १.१९ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण ५ किलो हवा. त्यातून १.६३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ०.५६ किलो पाणी तयार होतं. बेरीज कर, २.१९ किलो. गेलं १ किलो आणि झालं त्याच्या दुपटीहून जास्त! चिपाड नाहीसं झालं नाही, ते हवेतला ऑक्सिजन सोबत घेऊन चिमणीतून वर गेलं. आपल्याला दिसत नाही म्हणून आपण ते हिशेबातून सोडतो. यातलं पाणी तू रोज बघतेस. सकाळी गॅसवर थंड पातेलं ठेवलं की क्षणभर त्याच्या बुडाला दव धरतं. ते गॅस जळून तयार झालेलं पाणी आहे.

याच गैरसमजापायी आपल्याकडे ऊस तुटल्यावर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवतात आणि म्हणतात, राखेत खत उरतंच की. राखेत पोटॅश राहतं, फॉस्फरसही बराचसा राहतो. पण पाचटातला नायट्रोजन बहुतेक सगळा हवेत जातो आणि जमिनीला ज्याची भूक आहे तो कार्बन तर जवळजवळ पूर्ण जातो. कृष्णाकाठच्या जमिनी मी डोळ्यादेखत कडक होत गेलेल्या पाहिल्या आहेत, म्हणून हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाचट सरीत दाबा, पेटवू नका.

मग ऊर्जा आली कुठून? बहुतेकांचं उत्तर असतं, 'लाकडात साठवलेली होती, बंध तुटले, सुटली.' हे उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते. काडी ओढावी लागते ती त्यासाठीच. ऊर्जा मिळते ती नवे बंध जुळताना. कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनला फार घट्ट धरतात. त्या मानानं ऑक्सिजनच्या रेणूतली दोन अणूंची जोडी सैल असते. सैल जोड मोडून घट्ट जोड लागले की मधला फरक उष्णता म्हणून बाहेर पडतो.

कोयनेचं उदाहरण घे. शिवसागरात उंचावर पाणी अडवलेलं आहे, ते खाली कोकणाच्या बाजूला सोडून वीज करतात. टर्बाइनमधून जेवढं पाणी आत गेलं तेवढंच बाहेर येतं, थेंबही खर्च होत नाही. खर्च होते ती उंची. आता विचार, ती ऊर्जा पाण्यात होती का? नुसत्या पाण्यात नव्हती. पाणी वर आणि दरी खाली, या मांडणीत होती. तसंच एकीकडे चिपाड आणि दुसरीकडे हवेतला ऑक्सिजन ही उंचीवरची स्थिती, आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी ही खालची. अणू तेच, फक्त खाली उतरले. पाणी सह्याद्रीवर चढवलं सूर्यानं, वाफ करून आणि ढग करून. कार्बन आणि ऑक्सिजन वेगळे केले तेही सूर्यानं, उसाच्या पानात. ऊस हे काम इतर बऱ्याच पिकांपेक्षा चांगलं करतो, म्हणून तर एवढं जळण मिळतं.

धरणाला जसा दरवाजा, तसा जळण्यालाही आहे. चिपाड हवेत वर्षभर पडून राहतं, पेटत नाही, कारण सुरुवातीचे बंध तोडण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही. एकदा एका जागी मिळाली की तिथून सुटलेली उष्णता शेजारचा दरवाजा उघडते आणि तो पुढचा. पाणी ओतून आग विझते ती यामुळे, की पाणी ही उष्णता मधेच हिसकावून घेतं.

ऑक्सिजनचा वाटा किती मोठा आहे ते सांगतो. थॉर्नटन नावाच्या इंग्लंडमधल्या संशोधकानं १९१७ साली दाखवलं, की बहुतेक सेंद्रिय जळणांत खर्च झालेल्या दर किलो ऑक्सिजनमागे मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. ती सुमारे ३१०० किलोकॅलरी भरते. लाकूड असो, रॉकेल असो की प्लॅस्टिक, फरक थोडका. आजही प्रयोगशाळेत आग किती मोठी होती हे ऑक्सिजन किती खर्च झाला त्यावरून मोजतात. बॉयलरवर आम्ही हे रोज जगायचो. चिमणीतल्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय त्या काट्याकडे बघून हवा कमी-जास्त करायची. हवा कमी पडली की काळा धूर निघून जळण वाया जातं, आणि जास्त झाली की ती फुकटची हवा तापवून चिमणीतून सोडून द्यावी लागते.

आगीत काही 'तत्त्व' असतं ही समजूत फार जुनी. युरोपात अठराव्या शतकात फ्लॉजिस्टन नावाचा पदार्थ जळताना बाहेर पडतो असं मानत. लव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं काटेकोर वजनं करून दाखवलं, की काही बाहेर पडण्याऐवजी हवेतलं काहीतरी आत येतं. पण त्यानंही १७८९ साली उष्णतेला मूलद्रव्यांच्या यादीत जागा दिली होती! १७९८ मध्ये रम्फर्ड या शास्त्रज्ञानं तोफेला भोक पाडताना उष्णता निघतच राहते, संपत नाही, हे मांडलं आणि उष्णता हा पदार्थ असण्याची कल्पना डळमळली. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत तेज हे द्रव्य मानलं, उष्ण स्पर्श हे त्याचं लक्षण. द्रव्य म्हणणं आज टिकत नाही. पण त्यांनी चुलीतल्या तेजाच्या शेजारीच पोटातलं, अन्न पचवणारं 'उदर्य' तेज ठेवलं होतं, याचं मला मोल वाटतं. काहिलीतला गूळ तू खाल्लास तर १०० ग्रॅममागे सुमारे ३८० किलोकॅलरी मिळतात, आणि शेवटी तयार होतात तेच कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. एकाच उसाचं चिपाड चुलवाणात हजार अंशांच्या आसपास जळतं आणि गूळ अंगात ३७ अंशांवर, जाळाशिवाय.

आता आईन्स्टाईन. १९०५ सालचं त्याचं सूत्र आगीला लागू होतंच. निम्मी ओल असलेल्या १ किलो बगॅसमधून सुमारे २२७० किलोकॅलरी, म्हणजे ९५ लाख ज्यूल निघतात. त्याला प्रकाशाच्या वेगाच्या वर्गानं, म्हणजे नऊवर सोळा शून्यांनी भागलं की वजनातली घट येते. ती आहे एका ग्रॅमचा कोटीवा हिस्सा. दिवसाला ५००० टन ऊस गाळणारा कारखाना धर. बगॅस निघतं सुमारे १४०० टन. ते सगळं जाळलं तर दिवसाची घट दीडशे मिलिग्रॅम. १२० दिवसांच्या हंगामात १ लाख ६८ हजार टन बगॅस जळतं, आणि ऊर्जेबरोबर बाहेर गेलेलं वजन भरतं १८ ग्रॅम. सराफाच्या हिशेबानं दोन तोळेसुद्धा नाही. बाकीचं सगळं चिमणीतून आणि राखेतून गेलं.

त्या १८ ग्रॅममध्येही एकही अणू नाहीसा झालेला नाही. प्रत्येक कार्बन, प्रत्येक हायड्रोजन मोजला तर जागेवर सापडेल. 'वस्तुमानाची ऊर्जा झाली' असं म्हटलं की डोळ्यांसमोर पदार्थ विरघळतो, म्हणून ती भाषा मला आवडत नाही. ऊर्जेलाच वजन आहे, असं म्हण. उंचीवरच्या मांडणीचं वजन खालच्या मांडणीपेक्षा किंचित जास्त होतं. उष्णता निघून गेली ती तेवढं वजन घेऊन गेली. ती वाफेत गेली, तर वाफ तेवढी जड झाली. सूर्यात अणूंच्या गाभ्यांचीच मांडणी बदलते, हायड्रोजनचा हेलियम होतो, तेव्हा किलोमागे ७ ग्रॅम वजन ऊर्जेबरोबर जातं. सूर्य सेकंदाला सुमारे ४० लाख टन असा हलका होतो. त्याला आपण 'जळतो' म्हणतो, पण चुलवाणातल्या जळण्याशी त्याचं नातं नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. जाळात दिसतो तो पदार्थ आहे, अंगाला लागते ती धग ऊर्जा आहे, आणि आग हे त्या दोघांचं चाललेलं काम आहे. 'पदार्थ की ऊर्जा' यातला 'की' काढून टाक.

जानेवारीत गुऱ्हाळं जोरात असतात, घरच्या कुणाला तरी घेऊन एखादं बघून ये. सोबत थर्मामीटर ने, दोनशे अंशांपर्यंतचा, आणि तो काहिलीत धरायला गुळव्यालाच सांग. रस उकळायला लागला की जाळ कितीही वाढवला तरी पारा शंभराच्या थोडा वर थबकून राहील. त्या वेळी सगळी ऊर्जा वाफ करण्यात जात असते, किलोभर पाण्यामागे ५४० किलोकॅलरी. पाणी सरत आलं की पारा चढेल, आणि ११५ ते ११८ च्या दरम्यान गुळव्या पाण्यात थेंब टाकून गोळी बघेल आणि काहील उतरवायला सांगेल. त्यानं पारा बघितलेला नसेल. जाळ बघायला चुलवाणाशी जाशील तेव्हा तोंडासमोर उभी राहू नकोस, बाजूला उभी राहा. आणि आत नुसता धूर दिसत असेल तर जवळ जाऊच नकोस.